दुसरी कोठी: भाच्याला आत्याचा कानमंत्र

बाळा, मेलिफेराच्या पेट्या आणल्यास ते बरं केलंस. पण पहिल्याच हंगामात सगळ्या पेट्यांवर दुसरी ब्रूड कोठी (अंडी, अळ्या आणि कोषांची) चढवायची म्हणतोस, म्हणून हे लिहून पाठवते. फोनवर सांगितलेलं तू दोन दिवसांत विसरतोस.

तू मोबाइलवर बघतोस ते व्हिडिओ बहुतेक अमेरिका-कॅनडातले. तिथल्या उत्तर भागात हिवाळाभर बर्फ. माश्यांना फुलाचं तोंड दिसत नाही, म्हणून तीस-चाळीस किलो मध पेटीतच ठेवावा लागतो. त्यासाठी तिथे दोन कोठ्या बारा महिने एकावर एक राहतात. आपल्याकडे माश्यांची उपासमार होते ती मे ते ऑगस्ट, उन्हात आणि पावसात. त्या दिवसांत रिकामी कोठी ठेवणं म्हणजे मेणकिड्याला बोलावून घेणं. त्यामुळे आपली दुसरी कोठी हंगामापुरती. ती माश्यांच्या गर्दीवर चढवायची आणि फुलोरा सरताना उतरवायची. चढवायला सगळे शिकतात, उतरवायला फार थोडे.

आधी जात बघ

महाबळेश्वर, मांघर, पाटगावकडे पेटीत असते ती आपली सातेरी. तिची वसाहत मुळात लहान, पेटीही लहान. तिच्या डोक्यावर दुसरी ब्रूड कोठी लादलीस तर ती सांभाळू शकत नाही, आणि जास्त छेडलंस तर घर सोडून जाते. तिला ब्रूडची एक कोठी आणि वर मधाची उथळ कोठी, एवढंच. आग्या पेटीत राहतच नाही, फुलोरीही नाही. मी पुढे जे सांगणार आहे ते फक्त मेलिफेरासाठी. ही युरोपातली माशी आपल्या देशात नीट रुजली ती 1962 ते 1964 च्या सुमारास, कांगड्यातल्या नगरोटा बगवानला. पंजाब कृषी विद्यापीठाच्या डॉ. अटवालांनी ती रुजवली. तिचं वळण मोठ्या वसाहतीचं आहे, म्हणूनच तिला जागा लागते.

गणित पाठ कर

चांगली तरुण राणी भर हंगामात दिवसाला दीड हजार अंडी घालते, कधी त्याहूनही जास्त. कामकरी माशी अंड्यापासून बाहेर पडायला 21 दिवस लागतात. म्हणजे कुठल्याही दिवशी 31,500 घरं ब्रूडने अडलेली असणार. लँगस्ट्रॉथ पेटीच्या खोल फ्रेमला दोन्ही बाजू धरून सुमारे सात हजार घरं, दहा फ्रेमची सत्तर हजार. तू म्हणशील, मग एक कोठी पुरली की! कागदावर पुरते. पण फ्रेम उघडून बघ. वरच्या पट्टीखाली मधाची कमान, तिच्या खाली परागाचा पट्टा, कडेच्या दोन फ्रेममध्ये नुसता मध आणि पराग. राणीच्या वाट्याला मधल्या पाच-सहा फ्रेम, त्याही पूर्ण नाहीत. फुलोरा जोरात आला की माश्या मोकळ्या झालेल्या घरात मध ओततात आणि राणीला अंडी घालायला जागा उरत नाही. दुसरी कोठी लागते ती या कोंडीसाठी.

आणि मोठी वसाहत का करायची, तेही समजून घे. अमेरिकेतल्या सी. एल. फरार यांनी 1930 च्या दशकात हे मोजून दाखवलं. साठ हजार माश्यांची एक वसाहत जेवढा मध आणते, तेवढा तीस-तीस हजारांच्या दोन मिळून आणत नाहीत. वसाहत वाढते तसा घरकामात अडकलेल्या माश्यांचा हिस्सा कमी होतो आणि बाहेर जाणाऱ्यांचा वाढतो. म्हणून दोन मरतुकड्या पेट्यांपेक्षा एक ठासून भरलेली पेटी बरी. पेट्या मोजून खूश होऊ नकोस.

चढवायची कधी?

दुपारी माश्या दारावर दाढी धरून बसल्या की गर्दी झाली असं समजू नकोस. उन्हात पेटी तापली की पाच फ्रेमची वसाहतसुद्धा बाहेर येऊन बसते. ब्रूडला 34 ते 35 अंश लागतात, त्याहून तापलं की माश्या अंग बाहेर काढतात. तिथे कोठीपेक्षा सावली द्यावी, दार मोठं करावं.

खरी मोजणी सकाळी, माश्या कामाला निघायच्या आत. झाकण काढून वरून बघ. दहापैकी आठ फ्रेम दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या हव्यात, आणि पाच-सहा फ्रेममध्ये ब्रूड हवं. फ्रेमच्या वरच्या पट्ट्यांवर नवं पांढरं मेण दिसलं तर समज, बाहेर फुलोरा चालू आहे आणि मेण काढणाऱ्या वयाच्या माश्या आत भरपूर आहेत. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर चढव. एकही कमी असेल तर आठवडाभर थांब. फुलोरा नसताना मेणपत्रा (पोळ्याच्या पायाचा मेणाचा पत्रा) दिलास तर माश्या त्यावर पोळं बांधत नाहीत, उलट कुरतडून भोकं पाडतात.

आपल्या भागात ही वेळ साधारण दसरा-दिवाळीच्या पुढे येते. पावसाळ्याच्या शेवटी मका-बाजरीचा पराग मिळतो, मग तीळ, बोर, तूर. तेवढ्यावर वसाहत उभी राहते आणि राजस्थानात भरतपूरकडे मोहरीवर जाईपर्यंत आठ फ्रेमची होते.

चढवायची कशी?

नुसती रिकामी कोठी वर ठेवून झाकण लावलंस तर माश्या महिनाभर वर बघणार नाहीत. खालून बंद ब्रूडच्या दोन फ्रेम उचल आणि वरच्या कोठीत मधोमध, खालच्या ब्रूडच्या बरोबर वर ठेव. त्यांच्यामागे माश्या आपोआप वर जातात. बंद ब्रूडच घे. त्याला खाऊ घालावं लागत नाही आणि थोड्या दिवसांत त्यातून नव्या माश्या निघतात. उघड्या अळ्या वर नेल्यास आणि रात्री गारठा पडला तर त्या मरतात. राजस्थानात डिसेंबर-जानेवारीत पहाटे हात बधीर होतात, हे ध्यानात ठेव.

खाली रिकाम्या झालेल्या दोन जागांवर बांधलेली पोळी दे, ती नसतील तर मेणपत्रे. पण मेणपत्रा ब्रूडच्या मध्ये घुसवू नकोस, ब्रूड संपतं तिथे कडेला लाव. वरच्या कोठीतही ब्रूडच्या दोन्ही बाजूंना बांधलेली पोळी आणि त्यापलीकडे मेणपत्रे. फुलोरा ढिला असेल तर साखर आणि पाणी सम वजनाचं करून संध्याकाळी पेटीच्या आत दे. दिवसा, उघड्यावर दिलंस तर शेजारच्या पेट्या लुटायला येतात.

दोन ब्रूड कोठ्यांच्या मध्ये राणीजाळी घालायची नाही. राणीला दोन्ही मजले मोकळे हवेत. जाळी लागते ती वरच्या ब्रूड कोठीच्या डोक्यावर, मधकोठीच्या खाली.

उघडताना

दोन कोठ्यांची पेटी वरून खाली तपासत जाऊ नकोस. वरून धूर दिला की माश्या खाली सरकतात, आणि तू खालच्या कोठीपर्यंत येतोस तेव्हा तिथे मुंगी शिरायला जागा नसते. आधी वरची कोठी अख्खी उतरव. उलट्या ठेवलेल्या बाहेरच्या झाकणावर ती आडवी-तिरकी ठेव, म्हणजे कडा चार जागीच टेकतील आणि माश्या चिरडणार नाहीत. वर ओलं फडकं टाक. मग खालची तपास, तिच्यावर वरची चढव आणि शेवटी तिच्या फ्रेम बघ.

भरलेली खोल कोठी चाळीस किलोपर्यंत जाते. एकट्याने उचलू नकोस. तुझ्या आतोबांची कंबर अशा कोठ्यांनीच घेतली. दुसरा माणूस नसेल तर रिकामी कोठी शेजारी ठेवून तीन-चार फ्रेम तिच्यात काढ, मग उचल.

दर वेळी सगळ्या फ्रेम काढायची गरज नसते. हंगामात दर आठ दिवसांनी वरची कोठी मागच्या बाजूने पटाशीने सोडव, पुढच्या कडेवर टेकवून वर तिरपी कर, थोडा धूर दे आणि खालून बघ. फुटायच्या, म्हणजे वसाहत दुभंगून निघायच्या, तयारीतल्या माश्या राणीघरं बहुधा वरच्या कोठीतल्या फ्रेमच्या खालच्या पट्टीला टांगतात, म्हणजे दोन कोठ्यांच्या मधल्या फटीत. शेंगदाण्याच्या टरफलासारखं लोंबतं घर दिसलं आणि त्यात दुधाळ रसात अळी असली, तर सगळी पेटी उघडावीच लागेल. नुसती रिकामी वाटी असेल तर घाबरू नकोस, तशा वाट्या त्या नेहमीच बांधून ठेवतात. आठ दिवसांचा नेम यासाठी की राणीघर आठव्या-नवव्या दिवशी बंद होतं आणि त्या सुमाराला जुनी राणी अर्धी वसाहत घेऊन निघते.

त्याच फटीत आणखी एक गोष्ट सापडते. माश्या तिथे आडवंतिडवं पोळं बांधतात आणि त्यात बहुधा नरांचं ब्रूड असतं. कोठी सोडवली की ते मधोमध फाटतं आणि नरांचे पांढरेफटक कोष उघडे पडतात. ते लगेच खरवडून टाकू नकोस. उन्हात धरून नीट बघ. पांढऱ्या अंगावर तांबूस-तपकिरी, आडवा चपटा ठिपका दिसला तर तो व्हरोआ हा परजीवी माइट. नराच्या घरात तो जास्त जातो, कारण नराला 24 दिवस लागतात आणि माइटला पिल्लं वाढवायला तेवढा वेळ जास्त मिळतो.

माइट मोजल्याशिवाय औषध नको

दोन कोठ्यांत ब्रूड दुप्पट, म्हणजे माइटचं बाळंतघरही दुप्पट. अर्धा कप माश्या, साधारण तीनशे, उघड्या अळ्यांच्या फ्रेमवरून बरणीत झटक. राणी त्या फ्रेमवर नाही हे आधी पाहून घे. बरणीला जाळीचं झाकण लाव, दोन चमचे पिठीसाखर टाक, बरणी हळू फिरव, दोन मिनिटं थांब आणि मग पांढऱ्या कागदावर उलटी हलव. साखरेबरोबर माइट पडतात, माश्या जिवंत राहतात. तीनशेत नऊ निघाले म्हणजे शंभराला तीन. तिथून पुढे उपाय करायलाच हवा. फॉर्मिक अ‍ॅसिड वापरणार असशील तर पारा तिशीच्या वर असताना नको, ब्रूड आणि राणी दोन्ही जातात. मधकोठी वर असताना तर कुठलंच औषध नको. प्रमाण पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेतल्या जाणत्यांना विचार, ऐकीव माहितीवर करू नकोस.

आपल्याकडे आग्यामाशीवरून आलेला ट्रॉपिलेलॅप्स माइटही असतो. तो बारीक, लांबट आणि फ्रेमवर भराभर पळतो. पण वाढ झालेल्या माशीला चावून तो जगू शकत नाही, ब्रूड नसेल तर दोन-तीन दिवसांत मरतो. राणीला थोडे दिवस अंडी घालू न देणं हा त्याच्यावरचा सर्वात स्वस्त उपाय आहे.

राणी न दिसता राणी शोध

दोन कोठ्यांत वीस फ्रेम. त्यात राणी शोधत बसलास तर माश्या चिडतात आणि तूही. दोन कोठ्यांच्या मध्ये तेवढ्यापुरती राणीजाळी घाल आणि चार दिवसांनी ये. अंडं तीन दिवसांत उबतं, म्हणून चौथ्या दिवशी ज्या कोठीत अंडी दिसतील तिच्यातच राणी. मग दहाच फ्रेम बघायच्या. काम झालं की जाळी काढायला विसरू नकोस.

खालचं वर, वरचं खाली

हंगामात राणी वर चढत जाते आणि खालची कोठी रिकामी पडते. मग जाणकार म्हणवणारे सांगतात, कोठ्यांची अदलाबदल कर. कर, पण खालची खरोखर रिकामी असेल तरच. ब्रूडचा गोळा दोन्ही कोठ्यांत पसरलेला असताना अदलाबदल केलीस तर नांदत्या घरात मधोमध भिंत घातल्यासारखं होतं. ब्रूडचा एक तुकडा तळाशी, दुसरा छताला आणि मध्ये मधाने भरलेल्या फ्रेम. माश्यांना दोन्हीकडे ऊब पुरवता येत नाही, थंडीच्या रात्री कडेचं ब्रूड मरतं.

फुटायच्या बेतात असली तर

इथे दोन वाटा. मध हवा असेल तर डेमारीची पद्धत. केंटकीतल्या जॉर्ज डेमारींनी ती 1892 मध्ये लिहिली आणि अजून तीच चालते. राणी असलेली फ्रेम खालच्या कोठीत ठेवायची, तिच्या भोवती रिकामी बांधलेली पोळी. वर राणीजाळी, त्यावर मधकोठी आणि सर्वात वर बाकी सगळ्या ब्रूडची कोठी. राणीला मोकळी जागा मिळते, ब्रूडमागे वर गेलेल्या पोसणाऱ्या माश्यांमुळे खालची गर्दी फुटते आणि फुटायची इच्छा मावळते. पण सात ते नऊ दिवसांनी वरची कोठी तपासून त्यातली राणीघरं मोडावीच लागतात. राणीपासून लांब पडलेल्या माश्या ती हमखास बांधतात. वरच्या नरांना जाळीतून खाली उतरता येत नाही, त्यांच्यासाठी वर बोटभर फट ठेव.

पेट्या वाढवायच्या असतील तर दुसरी वाट आणखी सोपी. दोन कोठ्या वेगळ्या कर, दोन्हींत अंडी आणि मध असल्याची खात्री कर, एक कोठी नव्या तळपाटावर ठेव. राणी नसलेली बाजू अंड्यातून नवी राणी करते. 16 दिवसांत राणी निघते, पुढे तिचं उड्डाण आणि मीलन. अंडी दिसायला एकूण महिनाभर लागतो. तेवढे दिवस ती पेटी खोलखोल तपासू नकोस. आणि हे मोहरीचा फुलोरा भरात असताना करू नकोस, मध हातचा जाईल. फुलोरा उतरताना कर.

त्यांचा मध, आपला मध

राणीजाळीच्या वरचा मध आपला, खालचा त्यांचा. ब्रूड कोठीतल्या फ्रेम मधयंत्रात घालू नकोस. अळ्या मधात उतरतात आणि औषधाचा अंशही त्याच पोळ्यांत असतो. मधकोठीतली फ्रेम तीन-चतुर्थांश झाकलेली दिसली की काढ. कच्च्या मधात पाणी जास्त, तो आंबतो. भारतीय मानकाप्रमाणे 20 टक्क्यांवर पाणी चालत नाही. मोहरीचा मध मात्र लवकर रवाळतो. थंडीत पोळ्यातच गोठला की यंत्रातून निघत नाही, म्हणून तिथे मागे राहू नकोस.

ट्रकमध्ये भरताना

मोहरी संपली की आपल्या पेट्या जालना-बुलढाण्याकडे कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर येतात. प्रवासाआधी मध काढून घे. ताजं, मधाने जड झालेलं पोळं गचक्याने तुटतं आणि माश्या त्यात बुडून मरतात. दार संध्याकाळी, सगळ्या परतल्यावर बंद कर, वर हवेची जाळी लाव, दोन्ही कोठ्या पट्ट्याने एकत्र आवळ आणि रात्रीच निघ. शेतकऱ्याला पेटी उतरवण्याआधी स्पष्ट विचार, फवारणी कधी करणार. फुलावर माश्या असताना नाही, संध्याकाळीच, असं ठरवूनच पेटी उतरव.

उतरवायची वेळ

कांद्याचा फुलोरा ओसरला, दारात पराग आणणाऱ्या माश्या कमी झाल्या आणि राणीचं अंडं घटलं की दुसरी कोठी उतरवायची. वाट बघू नकोस. माश्या कमी होतात, पोळी तेवढीच राहतात. ज्या पोळ्यावर माशी बसत नाही, त्यावर मेणकिड्याचा पतंग अंडी घालतो. अळी पोळ्यात बोगदे करत, जाळं विणत जाते आणि पावसाळ्याच्या तोंडाला हाती उरतो तो भुसा.

उतरवताना वीस फ्रेममधून दहा निवड. सगळं ब्रूड मधोमध, त्याच्या शेजारी परागाच्या, कडेला मधाच्या दोन-तीन भरलेल्या. बाकीच्या फ्रेमवरच्या माश्या खालच्या कोठीत झटकून घे. काढलेल्या पोळ्यांपैकी काळीकुट्ट झालेली वितळवून मेण कर, उरलेली उजेडात, हवेशीर जागी, एकमेकांना न चिकटवता टांग. त्या पोळ्यांना माश्या नसलेल्या बंद पेटीत गंधकाची धुरी दे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा दे, कारण धुरीने अळ्या मरतात, अंडी वाचतात. बांधलेलं पोळं हे तुझं पुढच्या वर्षीचं भांडवल आहे. नवं बांधायला माश्यांना मध जाळावा लागतो.

पावसाळाभर एकच कोठी, दार लहान, पेटीखालच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाटीत म्हणजे मुंगळे चढणार नाहीत. मध संपत आला तर साखरेचं पाणी. तेव्हा पाच-सहा फ्रेम माश्या राहिल्या तर ती वसाहत कमजोर समजू नकोस, त्या दिवसांत तेवढीच बरी.

एक वही कर. प्रत्येक पेटीपुढे तारीख आणि माश्यांनी झाकलेल्या फ्रेमचा आकडा लिही, कोठ्यांचा आकडा लिहू नकोस. दसरा झाला की पहिली सकाळची मोजणी घे, आणि आठचा आकडा दिसेपर्यंत दुसरी कोठी गोदामातच राहू दे.